नांदायला गेल्याचा रकाना

तुम्ही आमच्या बायकांची वयं चोरलीत, साहेब. एकीदुकीची नाहीत. एकशे एक्केचाळीस घरांतल्या आजीची, आईची आणि नातीची. आणि चोरी करून वर बारामतीच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ घेतलंत, टाळ्या घेतल्यात, गुळगुळीत कागदाचं जाड पुस्तक छापलंत.

राजेश्वरीनं अर्जाची सुरुवातच अशी केली. नवरा अजित चहाची कपबशी घेऊन शेजारी उभा होता. त्यानं वाचलं आणि कप खाली ठेवला.

"आगं, वर माननीय महोदय तरी घाल."

"माननीय काम केल्यावर घालीन."

"अन् चोरलीत कशाला म्हणायचं? हरवली म्हण. त्यास्नी बी बरं वाटंल, तुला बी फुडचं काम मिळंल."

"आवो, हरवल्याली वस्तू कुठं हाय ते ठावं नसतं. मला ठावं हाय. माझ्या वहीत हाय."

राजेश्वरी अंथुर्ण्याची. पस्तिशीची, बी. ए. झालेली, आणि दहा वर्षं सर्वेक्षणाच्या कामावर पायपीट केलेली. तिनं जनावरं मोजली, शौचालयं मोजली, मच्छरदाण्या मोजल्या. इंदापूर-बारामतीकडच्या वाड्यावस्त्यांवर तिला मोजणीवालीच म्हणतात. कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायची थांबलीत. गेल्या वर्षी जानेवारीत तिला पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचं काम मिळालं. काम होतं पिढ्यांचा अभ्यास. एका घरातली आजी, तिची लेक आणि त्या लेकीची अठरा पूर्ण झालेली थोरली लेक, अशा तिघींना गाठायचं आणि कुठल्या वर्षी काय झालं ते लिहून घ्यायचं.

दोन दिवसांचं शिक्षण झालं. शिकवायला राजवर्धन सर होते. संख्याशास्त्र शिकलेला, तिशीतला, सरळ माणूस. शिकवायचा छान. म्हणाला, एका बाईचं आयुष्य म्हणजे एक पट्टी. पाचव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत, वर्षाला एक चौकोन. शाळेत असेल तर हिरवा, माहेरी घरात असेल तर पिवळा, लग्न झालं की लाल, मूल झालं की जांभळा. आजीची पट्टी वर, आईची तिच्याखाली, नातीची सगळ्यात खाली. मग मोजायचं. आजीच्या पट्टीची नातीची पट्टी करायला किती चौकोन बदलावे लागतात? जितके जास्त, तितकं दोघींच्या आयुष्यांत अंतर जास्त. आणि कुठला रंग बदलायला किती गुण धरायचे, तेही ठरलेलं होतं.

"ते गुण कुणी ठरवले, सर?" राजेश्वरीनं विचारलं होतं.

"तज्ज्ञांनी."

"त्यांत कुणी नांदून आल्याली बाई हाय का?"

सगळे हसले होते. सरही हसले होते. राजेश्वरीसुद्धा हसली होती, आणि आता तिला त्या हसण्याचाच राग येतो. कारण तिला ते काम मनापासून आवडलं होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शेळ्या किती ते न विचारता, बाई, तुझी वर्षं कुठल्या क्रमानं गेली, असं विचारत होतं.

पहिलंच घर कन्हेरीचं निघालं. बनाबाई, वय अडुसष्ट, माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, एक एकर, पोरं शहाणी आणि आजी त्यांच्याहून शहाणी. बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. दुपारी टेम्पो यायचा होता, म्हणून हात थांबवायला तयार नव्हती.

"आजी, लगीन कवा झालं?"

"कुठलं?"

"कुठलं म्हंजे? तुमचं."

"माझंच गं. पर कुठलं? अक्षदा पडल्या त्ये, का नांदाया गेले त्ये?"

राजेश्वरीनं हातातला टॅब मांडीवर ठेवला.

"अक्षदा पडल्या तवा मी आठ वर्साची," बनाबाई म्हणाली. "मला झोप लागल्याली. मामानं उचलून पाटावर हुबी केली. झालं. पुन्ना आईकडंच. नवरा लंगडा हाय म्हणून पोरी चिडवायच्या. मी रडायची. नांदाया गेले तवा बघितलं, धडधाकट माणूस. लग्नात त्येच्या पायात काटा मोडल्याला."

"अन् नांदायला कवा गेला?"

"बाहात्तरच्या दुष्काळात. पंधराची व्हते. खडी फोडाया माणसं लागत व्हती. सासऱ्यानं सांगावा धाडला, पोरगी धाडा, दोन हात वाढत्याल."

"मग मी लगीन कवाचं लिवू?"

बनाबाईनं जुडीला गाठ मारली. "ज्या दिशी आईचं घर सुटलं त्यो दीस लिव. त्येच्या आदी समदी भातुकली."

टॅबमध्ये रकाना एकच होता. विवाहाचं वय. हाताखालच्या पुस्तिकेत व्याख्या होती, विवाहविधी झाला ते वर्ष. राजेश्वरीनं आठ लिहिलं. पण तिच्याजवळ स्वतःची एक शंभरपानी वही होती. त्यात तिनं पेन्सिलनं लिहिलं, बनाबाई, ८, आणि तिरकी रेघ मारून पुढं १५. मग ती सवयच लागली. एकशे एक्केचाळीस घरांत तिनं दोन्ही विचारलं. काही फार हुशारी केली नाही. जुन्या बायकांना अक्षता कधी पडल्या ते धड आठवतच नाही. आठवतं ते घर सुटलेलं. त्या वर्षाला धरूनच पुढचं-मागचं काढावं लागतं. गावाकडं बाईचं आयुष्य कुणी लग्नावरून मोजत नाही. नांदते का, नांदली का, नांदायला गेली का, का माघारी आली? एवढं विचारलं की सगळी बाई कळते. हे बारा गावच्या बारा बायकांना माहीत असलेलं शहाणपण पुण्याच्या पुस्तिकेत नव्हतं, कारण पुस्तिका लिहिणाऱ्यांनी बायकांना विचारलं नव्हतं. बायकांना काय विचारायचं ते ठरवलं होतं.

बनाबाईची धाकटी लेक वृषाली, अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर दिलेली. वय अडतीस. तिची नोंद सोपी गेली. अक्षता सोळाव्या वर्षी, नांदायला त्याच संध्याकाळी. वहीत १६/१६. नवरा सावळाराम, चार एकर ऊस, कारखान्याचा सभासद, कुणाच्या अध्यात ना मध्यात. राहिली थोरली नात प्रतीक्षा. ती त्या दिवशी नेमकी माहेरी आलेली होती. तिचं पोरगं रांगत येऊन राजेश्वरीच्या मांडीवर चढलं आणि पेनाचं टोपण तोंडात घालून बसलं.

"काय वय बाळाचं?"

"पुढल्या आठवड्यात वरीस हुतंय," प्रतीक्षा म्हणाली.

"अन् तुझं लगीन कवा झालं?"

"मागल्या म्हैन्यात."

राजेश्वरीनं पोराकडं पाहिलं. पोरानं राजेश्वरीकडं पाहिलं. वृषाली मधे बोलली, "नोंदणी मागल्या म्हैन्यात केली. अठरा भरलं तवा. आदी नुसता साखरपुडा झाल्याला."

"साखरपुडा कवा?"

"सोळाव्या वर्सी."

"अन् नांदायला?"

"साखरपुड्याच्या दुसऱ्या दिशी," प्रतीक्षा म्हणाली, आणि पोराच्या तोंडातलं टोपण काढायला वाकली.

आता हे काय प्रकरण आहे ते इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मांडव पडतो, हळद लागते, अंतरपाट धरतात, मंगलाष्टका म्हणतात, चारशे पान उठतं. फक्त पत्रिकेवर छापतात, साखरपुडा समारंभ. कुणी अधिकारी आलाच तर पत्रिका पुढं करतात. त्याला पत्रिका वाचता येते, अंतरपाट वाचता येत नाही. पोरगी दुसऱ्या दिवशी सासरी जाते, वर्षाला गरोदर राहते, आणि अठरा भरले की एक दिवस सगळे नोंदणीला जाऊन सही करून भेळ खाऊन घरी येतात. त्याला म्हणायचं लग्न.

राजेश्वरीनं पुस्तिकेत पाहिलं. नातीच्या पिढीसाठी तिथं खाली बारीक टीप होती, नोंदणी असल्यास नोंदणीची तारीख धरावी. तिनं अठरा टाकलं. मग मुलाची जन्मतारीख टाकली. टॅबवर लाल त्रिकोण आला. पुढं जाईना. तिनं तिथूनच राजवर्धन सरांना फोन लावला.

"ताई, मशीन बरोबर आहे. लग्नाच्या आधीचं मूल ही चुकीची नोंद धरतात. मूल रिकामं सोडा, आपण नंतर बघू."

"सर, मूल माझ्या मांडीवर बसलंय."

"हो हो, खरंय. शेऱ्यात लिहून टाका."

शेऱ्याच्या जागेत साठ अक्षरं बसायची. राजेश्वरीनं लिहिलं, साखरपुड्यातच लग्न, १६ला नांदायला, मूल १ वर्षाचं. मग मुलाच्या रकान्यात शून्य टाकलं आणि बटण दाबलं. त्रिकोण गेला. हिरवी खूण आली. मांडीवरचं पोरगं मशीनीतून नाहीसं झालं. मांडीवर मात्र त्यानं त्याच वेळी लघवी केली, आणि वृषाली हसत म्हणाली, "घ्या, त्यानं बी सही केली."

राजेश्वरीसुद्धा हसली होती. तेव्हाही.

वर्ष गेलं. यंदा मार्चच्या सुरुवातीला बारामतीत अहवालाचं प्रकाशन ठेवलं. सर्वेक्षण करणाऱ्यांना बोलावलं होतं, मागच्या रांगेत. संस्थेचे मोठे साहेब पुण्याहून आले होते. पडद्यावर हजारो पट्ट्या झळकल्या, एकाखाली एक, आणि खरंच सुंदर दिसत होत्या. वरच्या गठ्ठ्यात आज्या, लालभडक, नऊ वर्षांपासून. खालच्या गठ्ठ्यात नाती, हिरव्या-पिवळ्या, लाल रंग पार अठरानंतर. साहेब म्हणाले, नऊवरून अठरा. दोन पिढ्यांत लग्नाचं वय दुप्पट. आजी आणि नात यांच्या आयुष्यांत एवढं अंतर राज्यात क्वचित सापडेल. टाळ्या पडल्या.

राजेश्वरीनं पुस्तक उघडून आपल्या घरांचे क्रमांक शोधले. प्रतीक्षाची पट्टी सापडली. सोळापर्यंत हिरवी. मग दोन चौकोन पिवळे. म्हणजे माहेरी, घरात. त्या दोन पिवळ्या चौकोनांत त्या पोरीनं सासरी दहा माणसांच्या भाकरी थापल्या होत्या, चार म्हशींचं शेण काढलं होतं आणि बाळंत झाली होती. नंतर लाल. जांभळा कुठंच नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही म्हणतात. हितं उजाडलेलं पोरगंच झाकून ठेवलं होतं, आणि झाकणारा हात राजेश्वरीचा होता.

पण अंगाची आग झाली ती शेवटच्या पानावर. शिफारशी. त्यातली चौथी अशी होती की या भागात लवकर लग्नाचा प्रश्न मिटलेला असल्यामुळं, त्यासाठी म्हणून संस्थेनं इंदापूर तालुक्यात चालवलेलं मुलींचं वसतिगृह मार्चअखेर बंद करावं. चाळीस मुली. त्यांतली एक श्रेया, प्रतीक्षाची धाकटी बहीण. सोळा वर्षांची, अकरावी सायन्स, दहावीला एक्क्याण्णव टक्के. सावळारामनं तिला पुढं शिकू दिलं ते एकाच गोष्टीवर. पोरगी वसतिगृहात, भिंतीच्या आत. वस्तीवरून कॉलेज चौदा किलोमीटर. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि संध्याकाळची कधी येते, कधी येत नाही.

राजेश्वरी उभी राहिली. माईक नव्हता, गरजही नव्हती.

"साहेब, नऊ हे अक्षतांचं वय आहे आणि अठरा हे सहीचं वय आहे. दोन निरनिराळ्या गोष्टी तुम्ही एका शब्दात कोंबल्यात. आमची बाई नांदायला कधी गेली ते विचारा. आजी पंधराव्या वर्षी गेली. नात सोळाव्या वर्षी गेली. कसलं दुप्पट?"

साहेब हसले. मोठ्या माणसांना हसायला शिकवलेलं असतं. "ताई, सूचना मोलाची आहे. अपवाद असतातच. जेवणानंतर सविस्तर बोलू."

जेवणात मटकीची उसळ आणि गुलाबजाम होते. जेवणानंतर साहेब नव्हते. राजवर्धन सर मात्र हात धुवायच्या नळापाशी सापडले.

"ताई, असं बघा. तिन्ही पिढ्यांना एकच व्याख्या लावली तरच तुलना होते. नाहीतर ते शास्त्र राहत नाही."

"सर, व्याख्या तरी एक कुठं होती? आजीला विधी अन् नातीला नोंदणी. शब्द तेवढा एक व्हता. आजीला पायलीनं मोजलं अन् नातीला शेरानं, अन् म्हणता पीक वाढलं."

त्यांना ते कळलं. चेहऱ्यावर दिसलं. रुमाल काढून ते बराच वेळ बोटं पुसत राहिले.

"शेऱ्यात लिवलं व्हतं म्या. प्रत्येक घराचं."

"शेरे कुणी वाचत नाही, ताई. शेऱ्यांचं गणित होत नाही."

"मग शेऱ्यात लिवा म्हणाला कशाला?"

राजवर्धन सर रुमाल खिशात कोंबून हॉलकडं चालू लागले.

पुढच्या रविवारी सकाळी श्रेया वसतिगृहातून घरी आली होती. राजेश्वरी वही घेऊन वस्तीवर गेली. दोघींनी सोप्यात बसून वहीतल्या प्रत्येक बाईची एक चिठ्ठी केली. आज्यांच्या वेगळ्या, आयांच्या वेगळ्या, नातींच्या वेगळ्या.

"सरासरी काढायची का, आक्का?"

"न्हाय. मधली बाई काढायची. लहान वयात गेलेली पहिली, मग त्याहून मोठी, अशा एकशे एक्केचाळीस रांगेत हुब्या करायच्या. एक्काहत्तरावी मधली. तिच्या अलीकडं सत्तर, पलीकडं सत्तर."

"अन् ज्या अजून गेल्याच न्हाईत? नर्सिंगला हायत, बी. एस्सी. करत्यात त्या?"

"त्यास्नी शेवटी हुबं कर. त्या बी मोजायच्या. आपल्याला रडगाणं न्हाय गायचं, खरं मोजायचंय."

श्रेया हुशार. गुडघ्यावर सरकत सरकत तिनं सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिठ्ठ्या लावल्या, वारा आला की ओरडून कोंबड्या हाकलल्या, आणि तासाभरात तिन्ही रांगा उभ्या केल्या. एक्काहत्तरावी चिठ्ठी उचलत गेली. आजी, पंधरा. आई, सोळा. नात, सतरा.

पन्नास वर्षांत दोन वर्षं. एवढीच वाढ. शाळा आल्या, कॉलेजं आली, कालवे आले, प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि बाईच्या हाताला दोन वर्षं लागली. तीसुद्धा फुकट मिळालेली नाहीत. एकेका आईनं भांडून, अन्न टाकून, भावाच्या पाया पडून मिळवलेली. साहेबांनी त्या दोनाची नऊ केली. मग राहिलेल्या पोरींसाठी भांडायचं कारणच उरलं नाही.

श्रेयानं नातींच्या रांगेत प्रतीक्षाची चिठ्ठी शोधली आणि बोटानं सरळ केली. "माझी चिठ्ठी कुठाय?"

"तू थोरली न्हाईस. अठरा बी न्हाईस."

"म्हंजे मी मोजणीतच न्हाय."

"न्हाय."

"बरं झालं. मोजल्याल्या पोरीचं पोरगं गायब केलंत तुमी."

राजेश्वरीनं ते ऐकून घेतलं. ऐकून घ्यावंच लागत होतं. पोरीनं चिठ्ठ्या गोळा केल्या, तीन रबरं लावली आणि खाली मान घालून म्हणाली, "आक्का, अण्णांनी माझी सुपारी फोडलीय. बारा एप्रिलला साखरपुडा हाय. मला परवा कळलं."

सावळाराम उसाला पाणी देऊन पाय धुवत होता. राजेश्वरी तिथंच गेली.

"दादा, पोरगी सोळाची हाय."

"साखरपुडाच हाय ओ, ताई. लगीन थोडंच हाय."

"मला सांगताय?"

"तुमालाच सांगतोय." तो शांतपणे म्हणाला. पाय घासायचे थांबवले नाहीत. "प्रतीक्षाच्या येळंला तुमीच आलता की मशीन घेऊन. साखरपुडा सांगितला तर तुमच्या मशीनीनं लगीन धरलं न्हाय. पोरगं मांडीवर असताना धरलं न्हाय. मग आता श्रेयाच्या येळंला कसं काय लगीन झालं? सरकारमान्य का काय त्ये पुस्तक निघालंय नव्हं तुमचं?"

चार बुकं शिकलेल्या साहेबांना व्याख्येत जे दिसलं नव्हतं ते या माणसाला बरोबर दिसलं होतं. त्यातली पळवाट.

"मी फोन करीन, दादा. कायदा हाय."

"करा की. थोरलीच्या टायमाला बी आलती गाडी. पत्रिका बघितली, जिलबी खाल्ली, गेली." त्यानं पायात चपला घातल्या. मग आवाज खाली आला. "मला हौस हाय का, ताई? पोरगी हुशार हाय त्ये मला कळत न्हाय? एक्क्याण्णव टक्के पडलं तवा म्या सगळ्या वस्तीला पेढं वाटलं. पर मार्चला त्येंचं कुलूप लागणार. मंग रोज चौदा किलोमीटर जाया, चौदा याया. मागल्या वर्सी पलीकडच्या वस्तीवरच्या पोरीच्या मागं गाड्या लागल्या, बापानं आठ दिसांत उजवली तिला. मी काय निराळा हाय?"

"आणि वसतिगृह चालू राहिलं तर?"

"तर राहू दे की तितं. माझं काय जातंय?" तो थांबला. "तुमच्या साहेबाचं पत्र आणा. वसतिगृह चालू हाय, बारावीपातूर पोरगी आमच्याकडं हाय, असं सही-शिक्क्यानं. म्या सुपारी माघारी धाडतो. पावण्यांच्या शिव्या मी खाईन. पर कागद पायजे. तोंडी न्हाय."

वृषाली दारात उभी होती. राजेश्वरी जायला निघाली तशी ती मागोमाग बांधापर्यंत आली.

"माझ्या आईला इचारलं तवा ती काय म्हणाली व्हती?"

"आईचं घर सुटलं त्यो दीस लिव म्हणाली."

"मग हिचं सुटायच्या आदी लिवा," वृषाली म्हणाली, "नंतर लिवून काय करायचं?"

म्हणून हा अर्ज. राजेश्वरीनं तो घरी बसून लिहिला, अजितचा चहा थंड होऊ दिला, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बारामतीच्या कचेरीत घेऊन गेली. अर्जाला वहीच्या एकशे एक्केचाळीस घरांची नक्कल जोडलेली. बायकांची नावं काढून टाकलेली, वयं ठेवलेली. टेबलावरच्या माणसानं पहिली ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर नेला.

"हे घेता येणार नाही. चोरलीत हा शब्द काढा."

"तुमच्याकडं चोरीची व्याख्या काय हाय ती लिहून द्या. बसत नसंल तर काढते."

"ताई, तुम्ही आमच्याकडं काम करता. पुढं जनगणना येतेय, मोठी कामं येतायत. कशाला?"

"पोच द्या."

"साहेब चिडतील."

"चिडू द्यात. चिडायला आधी वाचावं लागंल."

तो उठून आत गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला, परत आला. राजेश्वरी हलली नव्हती. तिच्यामागं दोन माणसं रांगेत उभी राहिली, तिसरं आलं. शेवटी त्यानं शिक्का उचलला, शाईत दाबला आणि नकलेवर मारला. तारीख वीस मार्च.

त्या अर्जाचा शेवटचा परिच्छेद असा आहे.

साहेब, माझी चूक मी कबूल करते. प्रतीक्षाच्या मुलाच्या जागी शून्य मी टाकलं. मला वरून सांगितलं होतं हे खरं, पण बोट माझं होतं. ती चूक दुरुस्त करायला मी तयार आहे, तुमच्या खुर्चीसमोर बसून, वही उघडून, घरोघर, फुकट. तुम्ही तुमची करणार का? अहवालात विवाहाचं वय या रकान्याशेजारी नांदायला गेल्याचं वय हा रकाना घाला आणि तुमच्या त्या सुंदर पट्ट्या पुन्हा रंगवा. आणि ते होईपर्यंत चौथी शिफारस मागं घ्या. वसतिगृहाला कुलूप लावू नका. बारा एप्रिलला श्रेयाचा साखरपुडा आहे. तेरा तारखेला सकाळी ती सासरी चुलीपुढं बसलेली असेल, वय सोळा. तेरा तारखेपासून तिचा चौकोन तुम्ही कुठल्या रंगानं भरणार? पिवळ्या? माहेरी, घरात? अकरा तारखेच्या आत लेखी उत्तर द्या. सही आणि शिक्क्यासकट. शेऱ्यात नको.